खरारा

गाडी घरी आली त्याच संध्याकाळी अण्णांनी तिचं नाव ठेवून टाकलं. वानेऱ्या. अंगानं पांढरी, पुढची जाळी आणि बंपरचा खालचा भाग काळा, एवढं त्यांना पुरे झालं. देवणी जातीच्या गाई-बैलांत अंग पांढरं आणि तोंड काळपट असलं की तो वानेरा. पांढऱ्या अंगाला फक्त खालच्या बाजूनं काळे ठिपके असले की बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वाटेल तसे पसरलेले असले की शेवरा. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना हे लांबून, चालत्या जनावरावरून सांगता येतं. माझ्या मुलाला लांबून गाडीचं मॉडेल आणि साल सांगता येतं. गाडी स्त्रीलिंगी आणि वानेऱ्या पुल्लिंगी, या घोळाकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

गाडी जुनीच घेतलेली, पण रंग चांगला होता. माझी नोकरी औशाला. लातूर ते औसा रोजचे वीसेक किलोमीटर, आणि रविवारी गाव. गाव म्हणजे औशाच्या पुढे डांबर संपतं तिथून पांदीनं आणखी तीन किलोमीटर. या शेवटच्या तीन किलोमीटरांत गाडीचं जे होतं ते आठवड्याभराच्या डांबरी रस्त्यावर होत नाही.

आमच्याकडे धूळ हा एकच शब्द असला तरी प्रकार बरेच आहेत. काळ्या रानाची माती ओली असताना काळीभोर, पण वाळून उडायला लागली की राखाडी, पिठासारखी. साईडपट्टीच्या मुरमाची धूळ पिवळट आणि खरखरीत. बीदरच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर तांबूस रंग असतो, कारण तिकडं जांभा लागतो. पार्किंगमध्ये एमएच २४ पाटीच्या चार गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी कोण कुठून आलं ते पाटीपेक्षा मडगार्डवरून जास्त कळतं.

आता एवढ्या धुळीत गाडी स्वच्छ ठेवायची तर रोज धुवावी असं कुणीही म्हणेल. लातुरात ते म्हणता येत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आधीची राखाडी गाडी होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं गेलं. पाण्याच्या टाकीपाशी पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, ही गोष्ट आज सांगताना मलाच खोटी वाटते. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळावरून. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ‘जलदूत’ हे तिचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे.

त्या चार महिन्यांत आमच्या गल्लीत एकही गाडी धुतली गेली नाही. कुणी बंदी घालायची गरजच नव्हती. एका सकाळी एका घरासमोरची गाडी चकचकीत दिसली, तर जाणारा-येणारा तिच्याकडे असा बघत होता, जसं एखाद्याच्या दारात रात्रीतून चोरीचा माल येऊन पडलाय. त्या बिचाऱ्यानं दोन दिवस सगळ्यांना सांगितलं की गाडी सोलापूरला सासरवाडीत धुतली. धुळीनं माखलेली गाडी तेव्हा सभ्यपणाची खूण होती.

मला आकडेमोडीची वाईट खोड आहे. नंतर, बोअरला पाणी असताना, मी एकदा पाईप बादलीत सोडून घड्याळ लावलं. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरली. गाडी पाईपनं धुवायला दहा मिनिटं धरली तर दीडशे लिटर. म्हणजे मिरजेहून आलेल्या त्या पहिल्या गाडीत तेहतीसशे मोटारी धुऊन झाल्या असत्या आणि शहर तहानलेलंच राहिलं असतं. हा हिशोब मी बायकोला सांगितला. ती म्हणाली, “मग पाईप बंद करा की, अजून वाहूलालाय.”

तेव्हापासून ठरलं, धुणं महिन्यातून एकदा. प्रश्न उरला मधल्या दिवसांचा.

मधल्या दिवसांचा जो उपाय सगळे करतात तोच मी केला. जुन्या बनियनचं फडकं घेतलं आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी गाडी खसाखसा पुसायची. कोरडीच. पाच मिनिटांत गाडी लख्ख. पाणी शून्य. मी स्वतःवर खूश होतो. नंतर घेतलेल्या पांढऱ्या गाडीवरही वर्षभर हेच केलं, आणि पांढऱ्यावर काही दिसत नाही म्हणून आणखी वर्षभर.

मग बंपरला एक पोचा आला म्हणून गाडी पेंटिंगवाल्या मिस्त्रीकडे नेली. संध्याकाळची वेळ, ऊन तिरपं. मिस्त्रीनं मला बोनेटच्या एका कोपऱ्याशी वाकायला लावलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा, हजारोंनी. पुढच्या काळ्या भागावर तर जाळं न वाकताही दिसत होतं. “फडकं मारताव ना रोज?” त्यानं विचारलं. डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतो त्या सुरात.

त्यानं जे सांगितलं ते नंतर वाचून मी पक्कं करून घेतलं. गाडीचा रंग सगळ्यात वर नसतो. त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. डोक्याचा केस सत्तरच्या आसपास भरतो. म्हणजे गाडीची सगळी चमक एका केसापेक्षा पातळ पापुद्र्यात. आणि आमच्या धुळीत काय असतं? वाळूच्या ट्रकमधून सांडलेली रेती, मुरूम, आमच्या काळ्या पाषाणातून सुटलेल्या गारगोटीचा चुरा. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहसची पट्टी १ ते १० अशी असते. तिच्यावर गारगोटी ७ वर, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. सुरीलाही ओरखडा काढेल असा चुरा मी रोज सकाळी फडक्याखाली धरून त्या पापुद्र्यावर गोल गोल फिरवत होतो. याला मी गाडीची काळजी म्हणत होतो.

अण्णा तोवर आमच्याकडे राहायला आले होते. २०१६ च्याच उन्हाळ्यात कडबा परवडेना म्हणून त्यांनी बैलजोडी विकली, आणि त्यानंतर गावातल्या घरात त्यांचं मन रमेना. येताना त्यांनी कपडे, औषधाचा डबा आणि एक खरारा आणला. लोखंडी दात्यांचा, माळेगावच्या यात्रेतून कधीतरी घेतलेला, मूठ घासून काळी तुळतुळीत झालेली. बैल नाहीत तर खरारा कशाला, असं कुणी विचारलं नाही. तो जिन्याखाली खिळ्याला अडकवला गेला.

मिस्त्रीकडून आलो त्या रात्री मी सगळी हकीकत घरात सांगितली. अण्णा ऐकत होते. म्हणाले, “मी रोज बघूलालाव की. बैलाला असं पुसलं असतंस तर लाथ घातली असती त्यानं.”

“मग आधी कामून सांगितलं नाही?”

“मला काय माहीत, पत्र्याला पण कातडं असतंय म्हणून.”

मग ते सांगत बसले. बैल काय रोज धुवत नसतात. ओढ्याला पाणी असलं तर आठ-पंधरा दिवसांनी, नाहीतर थेट पोळ्याला. रोज असतो तो खरारा. तो केसांच्या दिशेनं मारायचा, उलटा नाही. मानेकडून सुरू करायचा, पाठ, मग बरगड्या, पाय सगळ्यात शेवटी, कारण पायाला शेण असतं. आणि दोन हात मारले की खरारा खांबावर आपटायचा. “धूळ काढून परत त्याच्याच अंगाला लावायची असली तर काढतूस कशाला?”

गाडी निगुतीनं पुसण्याबद्दल मी त्यानंतर जेवढं वाचलं आणि पाहिलं, त्यात या दोन हात मारून खांबावर आपटण्यापलीकडे फारसं काही सापडलं नाही. वस्तू तेवढ्या नव्या आहेत.

पहिली नवी वस्तू म्हणजे मायक्रोफायबर. बनियनचा सुती धागा जाड, गुळगुळीत. तो धूळ पुढे ढकलत नेतो. मायक्रोफायबरचा धागा पॉलिस्टर आणि पॉलिअमाईडचा, अतिशय बारीक चिरलेला, त्याच्या फटींत कण वर उचलला जातो. असं एक फडकं चार पदरी घडी घातली की पुढून-मागून उलटवत आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की दुसरी. हे माझं खांबावर आपटणं. ही फडकी घरच्या कपड्यांत धुवायची नाहीत हे मी एकदाच विसरलो. बायकोनं त्यांत कपडे मऊ करायचं ते सुवासिक औषध घातलं, त्याचा थर धाग्यांवर बसला, आणि फडकी पाणी प्यायचीच बंद झाली. तिनं ती भांड्यांच्या ओट्याला लावून टाकली.

दुसरी वस्तू, बिनखळबळीच्या धुण्याचं द्रावण. रिन्सलेस वॉश म्हणून मिळतं. पाच लिटर पाण्यात साधारण वीस मिली घालायचं. फेस होत नाही, म्हणून पहिल्या वेळी मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. त्यातली रसायनं मळाच्या कणाभोवती चिकटून त्याला निसरडा करतात, मग तो रंगावर न घासता फडक्यात येतो. सहा फडकी बादलीत भिजवायची. एक काढून अर्धवट पिळायचं, टपापासून सुरू करायचं, सरळ रेषेत, दाब न देता. मळलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. खालचे पत्रे, चाकांच्या वरच्या कमानी शेवटी. बैलाचे पाय. मागोमाग कोरड्या फडक्यानं टिपत यायचं. संपूर्ण गाडी पाच लिटरांत. उरलेलं गढूळ पाणी चाकांना.

पण हे करायचं धुळीचा थर पातळ असेल तेव्हा. पावसाळ्यात पांदीतून आलेल्या गाडीला हे चालत नाही. आमची काळी माती विचित्र आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गाडीवर वाळलेला तिचा चिखल पुसायला गेलं की तो कानसेसारखा घासतो. त्याच्यावर ओलं फडकं पंधरा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. माती पाणी पिते, फुगते, आपोआप सुटते. तिच्या स्वभावानंच तिला काढायचं.

आणि बऱ्याच दिवशी काहीच करायचं नाही. हे पचायला मला सगळ्यात जड गेलं. नुसती बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, तिच्यावर फिरवलेला हात करतो. हिवाळ्यात पहाटे गाडीवर दहिवर पडतं, आणि फुकटचं पाणी मिळालं म्हणून त्यावरच फडकं मारणारे आमच्या कॉलनीत पाच-सहा जण आहेत. ते पाणी धूळ वाहून न्यायला पुरत नाही, फक्त तिचा राडा होतो. मी हल्ली दोन-तीन दिवस धूळ राहू देतो. काचा तेवढ्या स्वच्छ. कधी औशात ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे टायरची हवा बघायला थांबलो की तोच हवेचा पाईप टपावरून, आरशांच्या फटींतून फिरवून घेतो. अर्धी धूळ स्पर्श न होता उडून जाते. मात्र वाऱ्याची दिशा बघावी. एकदा ती सगळी शेजारच्या चहाच्या गाड्यावर गेली आणि मला अख्ख्या गिऱ्हाइकांचा चहा सांगावा लागला.

थांबायचं नाही ते पक्ष्यांच्या विष्ठेला. आमच्या दारात कडुनिंब आहे, सावली सुरेख, आणि वर साळुंक्यांची शाळा. विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात पत्रा तापतो, वरचा थर प्रसरण पावतो, गार होताना त्या वाळलेल्या ढेकळाभोवती आकसतो आणि तिथं कायमचा वण बसतो. मे महिन्यात एका दुपारीत बसलेला असा रुपयाएवढा वण माझ्या बोनेटवर आहे. तेव्हापासून डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि एक फडकं असतं. तिथंही तेच, भिजवा, थांबा, उचला. नखानं खरवडणाऱ्याला मी आता लांबून ओरडतो.

गाळपाच्या हंगामात उसाच्या चिपाडाची काजळी येते. सकाळी टपावर काळे, हलके, लांबट तुकडे. फुंकर घातली तर जातात, बोट लावलं तर काळी रेघ ओढतात. पांढऱ्या गाडीवाल्यांनी नोव्हेंबर ते मार्च बोटं खिशात ठेवावीत.

पाण्याचं आणखी एक सांगायला हवं. बोअरचं पाणी जड. गाडीवर थेंब वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका राहतो, तापलेल्या पत्र्यावर तर पक्का. म्हणून उन्हात पुसायचं नाही. ताजे ठिपके पातळ केलेल्या व्हिनेगरनं जातात, मग लगेच साध्या पाण्याचा हात. पाणी वाचवायचं म्हणून मी काही दिवस आरओच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी वापरलं. मोठ्या अभिमानानं. त्यात तर क्षार आणखी दाट असतात! गाडी वाळल्यावर गोवर उठल्यासारखी दिसली. ते पाणी आता फरशीला. गाडीला पावसाचं, पत्र्यावरून धरून ड्रममध्ये साठवलेलं. पन्हाळीचा पहिला पाऊस सोडून द्यायचा, मग धरायचं. एक ड्रम दोनशे लिटर, पाच लिटरांप्रमाणे चाळीस वेळा. पाईपनं दीड वेळाही नाही. (आलीच आकडेमोड.)

कव्हरचा किस्सा अण्णांचाच. एवढं सगळं करण्यापेक्षा झाकूनच ठेवावी म्हणून मी कापडी कव्हर आणलं. औशाहून आलो, धुळीनं भरलेल्या गाडीवर ते चढवायला लागलो. अण्णा ओट्यावरून बघत होते. “धुळीच्या अंगावर झूल टाकूलालास?” एवढंच म्हणाले. पोळ्याला बैल आधी धुतात, शिंगं रंगवतात, मग झूल. मी हट्टानं टाकलं. रात्री वारं सुटलं, कव्हर फडफडत राहिलं, आणि सकाळी मला कळलं की मी रात्रभर वाऱ्याकडून पॉलिश पेपर मारून घेतला.

दसऱ्याला मात्र सगळे नियम मोडतात. झेंडूची माळ, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू, आणि बोनेटवर बायकोच्या हातचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या रंगावर आठ-दहा दिवस राहतो, मग उन्हानं उडतो. मी त्याबद्दल बोलत नाही.

गेल्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या दिवशी, गावाकडे जाऊन आलो होतो. पाऊस होऊन गेलेला, पांद चिखलानं भरलेली. सकाळी मी आत दाढी करत होतो आणि बाहेरून आवाज आला. खर्र, खर्र. लोखंडाचा. जिन्याखालचा खिळा रिकामा होता.

मी तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर धावलो. अण्णा गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, हातात खरारा. माझ्या डोळ्यांपुढे चाळीस मायक्रॉन होते. तोंडातून शब्द फुटेना.

त्यांनी मान वर केली नाही. मडफ्लॅपच्या जाड रबराच्या आतल्या बाजूला मातीचा विटेएवढा थर बसला होता, तेवढ्याच जागी ते खरारा चालवत होते. डावा तळवा त्यांनी पत्र्याच्या कडेला आडवा धरला होता, दाता चुकून रंगाला लागू नये म्हणून. दोन हात मारायचे, खरारा पायरीच्या दगडावर आपटायचा, पुन्हा दोन हात.

“तुझ्या त्या फडक्यानं हे निघलं असतं का?”

“नाही.”

“मग जा, दाढी कर.”

मी तिथंच उभा राहिलो. चारही चाकं झाल्यावर त्यांनी पायरीपाशी पडलेली काळी ढेकळं दोन्ही हातांनी गोळा केली. शेजारी मुरूम भरून केलेली आमची तुळशीची कुंडी होती. “आपल्याच रानातली हाय,” म्हणाले, आणि ढेकळं चुरून तिच्यात टाकली. मग ड्रममधून एक तांब्या पाणी घेतलं. अर्धं कुंडीत घातलं, अर्ध्यात खरारा धुतला.